दोन पाइप, एक यू नळी: दाबफरक मोजताना चूक नेमकी कुठे होते

[दृश्य: शेजारी शेजारी दोन आडवे पाइप, एकाच उंचीवर. दोन्हींतून खाली उतरणाऱ्या नळ्या एका काचेच्या यू नळीला जोडलेल्या. तळाशी पारा.]

दोन्ही पाइपांत पाणी आहे. डाव्या भुजेतला पारा उजव्या भुजेतल्या पाऱ्यापेक्षा १५० मिलिमीटर खाली बसलाय. म्हणजे डाव्या पाइपात दाब जास्त. पण किती जास्त?

हात लगेच गुणाकाराकडे वळतो. पाऱ्याची घनता घनमीटरला १३,६०० किलो, गुरुत्व त्वरण ९.८१, उंची ०.१५ मीटर. उत्तर येतं सुमारे २०.० किलोपास्कल.

हे उत्तर जवळजवळ ८ टक्क्यांनी चुकलंय.

[दृश्य: कॅमेरा डाव्या भुजेवर सरकतो. पाऱ्याच्या वर स्वच्छ पाणी.]

डाव्या बाजूला पारा जिथून खाली गेला, ती जागा रिकामी राहिलेली नाही. तिथे पाणी उतरलंय, आणि तेही खाली दाबतंय. उजव्या बाजूला तेवढ्याच उंचीत पारा उभा आहे. म्हणजे १५० मिलिमीटर पाऱ्यासमोर १५० मिलिमीटर पाणी आहे आणि हिशेबात येतो तो दोघांमधला फरक. १३,६०० मधून १,००० वजा केले की राहतात १२,६००. यानं गुणलं की उत्तर येतं १८.५ किलोपास्कल. पाण्याच्या उंचीत बोलायचं तर पाऱ्याचा प्रत्येक मिलिमीटर इथे १२.६ मिलिमीटर पाण्याइतका आहे, १३.६ नव्हे.

हाच मॅनोमीटर, म्हणजे दाबफरक मोजणारी ही यू नळी, हवेच्या पाइपाला लावला असता तर मात्र १३.६ चालले असते. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोच्या आसपास, पाऱ्यापुढे ती कुठेच नाही. नळी तीच, पारा तोच, फरकही १५० मिलिमीटरच. तरी दाबफरक वेगळा, कारण पाऱ्याच्या वर काय भरलंय ते बदललं. काचेवर जे दिसतं ते निम्मंच असतं. उरलेलं निम्मं काच आणि पाइप यांच्यामधल्या नळीत असतं. दाबफरकाच्या मोजणीतल्या बहुतेक चुका याच नळीत सापडतात.

[दृश्य: तीच मांडणी, पण आता डावा पाइप उजव्यापेक्षा १ मीटर उंच.]

आता डावा पाइप १ मीटर वर उचलू. पाऱ्याचा फरक तोच ठेवू, १५० मिलिमीटर. दाबफरक अजूनही १८.५ किलोपास्कलच आहे का?

नाही. डावीकडच्या जोडनळीत आता १ मीटर पाणी जास्त आहे. तेही पाऱ्यावर भार टाकतंय, ९.८ किलोपास्कलचा. म्हणून पाइपांमधला खरा दाबफरक उरतो ८.७ किलोपास्कल. पाऱ्याला दाब आणि उंची वेगवेगळे ओळखता येत नाहीत. तो दाखवतो ती दाब आणि उंची यांची मिळून झालेली बेरीज.

ही गोष्ट त्रासाची वाटते, पण पुष्कळदा तीच उपयोगी पडते. एकाच व्यासाच्या तिरप्या पाइपात घर्षणानं किती ऊर्जा गेली हे शोधायचं असेल, तर आपल्याला हीच बेरीज हवी असते. तिरप्या व्हेंच्युरीमीटरलाही, म्हणजे मध्ये अरुंद केलेल्या प्रवाह मोजायच्या नळीलाही, हेच लागू. पारा जो आकडा देतो तोच सरळ प्रवाहाच्या सूत्रात जातो. उंचीची दुरुस्ती वेगळी करायची नाही, कारण ती आधीच झालेली असते. इथे पुन्हा दुरुस्ती करणं ही हुशार विद्यार्थ्यांकडून होणारी चूक आहे.

मॅनोमीटर स्वतः किती उंचीवर टांगलाय, यानं मात्र काही बिघडत नाही. तो १ मीटर खाली आणला तर दोन्ही भुजांवर १ मीटर पाणी वाढतं आणि एकमेकांना काटतं. अट एकच: दोन्ही जोडनळ्यांत एकच द्रव असावा आणि त्याचं तापमानही एकच असावं.

[दृश्य: डाव्या पाइपात पाणी, उजव्या पाइपात तेल. भुजांवर उंचीच्या खुणा.]

दोन पाइपांत वेगवेगळे द्रव असले की सूत्र पाठ करून भागत नाही. तिथे चालत जायचं. एका पाइपाच्या मध्यापासून निघायचं, नळीतून दुसऱ्या पाइपापर्यंत जायचं. खाली उतरताना दाब वाढतो, तो मिळवायचा. वर चढताना कमी होतो, तो वजा करायचा. सलग जोडलेल्या एकाच स्थिर द्रवात, एकाच पातळीवर दाब सारखा असतो, म्हणून तिथे एका भुजेतून दुसऱ्या भुजेत उडी मारता येते.

उदाहरण घेऊ. डाव्या पाइपात पाणी. त्याच्या मध्यापासून पाऱ्यापर्यंत १.२० मीटर उतरलो. मिळवले ११,७७२ पास्कल. त्याच पातळीवर उजव्या भुजेतल्या पाऱ्यात उडी मारली. तिथून पाऱ्यातून ०.१५ मीटर चढलो. वजा २०,०१२. मग ८५० घनतेच्या तेलातून ०.९० मीटर चढून उजव्या पाइपाच्या मध्याशी पोहोचलो. वजा ७,५०५. डाव्या पाइपातला दाब उजव्यापेक्षा १५,७४५ पास्कलनं जास्त निघाला, म्हणजे साधारण १५.७ किलोपास्कल.

नुसता पारा मोजला असता तर आले असते २०.०. चूक २७ टक्क्यांची. पारा बरोबरच होता, फक्त त्याच्या वरचं पाणी आणि तेल कोणी विचारात घेतलं नाही.

[दृश्य: पाण्याच्या उलट्या यू नळीचा जवळून घेतलेला शॉट. वरच्या वाकात हवा, माथ्यावर छोटा कॉक.]

फरक छोटा असला तर पारा उपयोगाचा नाही. ९८१ पास्कलला पाणी-पारा मॅनोमीटर जेमतेम ७.९ मिलिमीटर हलतो. प्रत्येक भुजेत अर्धा मिलिमीटर वाचनचूक धरली तरी दोन्ही मिळून १ मिलिमीटर होते, म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या आसपास.

अशा वेळी यू नळी उलटी करतात. पाइपातलं पाणीच दोन्ही भुजांत चढतं आणि वरच्या वाकात हवा कोंडलेली असते. तोच ९८१ पास्कलचा फरक इथे १०० मिलिमीटर दिसतो. पाणी फार वर गेलं आणि पट्टीबाहेर पडलं, तर माथ्यावरच्या कॉकमधून हातपंपानं थोडी हवा भरायची. दोन्ही पातळ्या एकसारख्या खाली येतात, फरक बदलत नाही. पाइपातला दाब जास्त असेल तर ही हवाही दाट होते. वातावरणापेक्षा ५ बार (१ बार म्हणजे १०० किलोपास्कल) जास्त दाबावर तिची घनता ७ किलोच्या आसपास जाते आणि उत्तरात सुमारे ०.७ टक्क्याचा फरक पडतो. बारीक काम असेल तर तो धरावा.

हवेच्या जागी ८०० घनतेचं तेल भरलं, तर पाणी आणि तेल यांच्या घनतेतला फरक उरतो फक्त २००. तेच १०० मिलिमीटर आता ५०० होतात. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात तेल काचेला चिकटतं, सीमारेषा अस्पष्ट होते आणि पातळी स्थिरावायला वेळ लागतो. घाई असेल तिथे हा प्रकार टाळलेला बरा.

[दृश्य: तिरपी नळी, बुडाशी स्पिरिट लेव्हल आणि समतल करायचे स्क्रू.]

हवेच्या नळांसाठी तिरपी नळी. उभ्या उंचीत १ मिलिमीटर फरक पडला की १ ला १० उतार असलेल्या नळीत द्रव १० मिलिमीटर सरकतो. उतार जितका कमी, तितकं वाढीव दिसतं. पण हा उतार म्हणजे पावणेसहा अंशांपेक्षा किंचित कमी कोन. बैठक १ अंशानं जरी कलली, तरी रीडिंग १७ टक्क्यांनी चुकतं. स्पिरिट लेव्हल तिथे शोभेला लावलेली नाही. काम सुरू करताना बुडबुडा मध्यावर आणायचा आणि कोणी टेबलाला धक्का दिला की पुन्हा बघायचा.

[दृश्य: पाइपाचा आडवा छेद. भिंतीत पाडलेलं बारीक छिद्र. त्याच्या कडेला धातूचा उचललेला कंगोरा.]

आता काचेपासून दूर, पाइपाच्या भिंतीकडे जाऊ. मोजणी खरी सुरू होते ती इथून.

दाब घ्यायचं छिद्र, म्हणजे टॅपिंग, पाइपाच्या भिंतीला काटकोनात हवं. व्यास ३ मिलिमीटरच्या आसपास. ड्रिल भिंत भेदून पाइपात शिरताना आतल्या कडेला धातूचा कंगोरा उचलतो, त्याला बर म्हणतात. वाहतं पाणी या बरवर आदळतं किंवा त्यावरून वळून जातं, आणि छिद्रात जाणारा दाब खरा राहत नाही. बर प्रवाहाच्या कोणत्या बाजूला आहे त्यावर तो जास्त येईल की कमी हे ठरतं. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि आकडा नेहमी तितकाच चुकत असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. छिद्र पाडल्यावर आतून बोट फिरवून बघता आलं तर बघावं. छिद्राची कड गुळगुळीत हवी, पण गोलाई दिलेली नको.

छिद्र कुठे पाडायचं? आडव्या पाइपात द्रव असेल तर बाजूला, मध्यरेषेवर किंवा तिच्या थोडं खाली. माथ्यावर पाडलं तर पाइपातली हवा नळीत शिरते. बुडाशी पाडलं तर गाळ बसतो. वायूच्या पाइपात उलट. तिथे छिद्र वरच्या बाजूला हवं, म्हणजे जमलेलं पाणी नळीत उतरणार नाही. प्रवाह वळणाजवळचा असेल आणि एका छिद्रावर विश्वास नसेल, तर परिघावर ९० अंशांवर चार छिद्रं पाडून ती एका कड्यानं जोडतात. पण कड्यानंही वळणाचा दोष पूर्ण जात नाही. शक्य असेल तर वळणापासून दूर जावं.

[दृश्य: पारदर्शक जोडनळी. आत अडकलेला लांबट बुडबुडा. बोटानं टिचकी मारल्यावर तो हळूहळू वर सरकतो.]

आणि आता बुडबुडे.

पाण्यानं भरलेल्या उभ्या जोडनळीत १०० मिलिमीटर लांबीची हवा अडकली, की त्या बाजूचं १०० मिलिमीटर पाणी हिशेबातून गेलं. ९८१ पास्कलची चूक. पाऱ्याच्या मॅनोमीटरवर ती ७.९ मिलिमीटर दिसते, उलट्या नळीवर पूर्ण १०० मिलिमीटर. आडव्या नळीत पसरलेल्या बुडबुड्यानं फारसं बिघडत नाही, कारण तिथे उंचीच नाही. पण तो बुडबुडा तिथेच थांबेल याची खात्री कोण देणार?

म्हणून जोडनळ्या कुठेच सपाट ठेवत नाहीत. द्रवासाठी साधारण १ ला १२ असा उतार देतात, आणि तो सलग एकाच दिशेनं असावा. मध्ये उंटाच्या पाठीसारखा उंचवटा आला तर हवा तिथेच साठते. नळी पारदर्शक असेल तर डोळ्यांनी दिसतं, धातूची असेल तर व्हेंटमधून, म्हणजे हवा काढायच्या व्हॉल्व्हमधून, काय बाहेर येतं त्यावरून अंदाज घ्यावा लागतो.

[दृश्य: मॅनोमीटरच्या माथ्यावरची पाच व्हॉल्व्हची मांडणी. प्रत्येकावर रंगीत खूण.]

मॅनोमीटर चालू करताना व्हॉल्व्ह उघडायचा क्रम महत्त्वाचा. दोन्ही पाइपांकडून येणाऱ्या नळ्या बंद-चालू करणारे दोन आयसोलेटिंग व्हॉल्व्ह, दोन भुजांना जोडणारा मधला इक्वलायझिंग व्हॉल्व्ह आणि हवा काढायचे दोन व्हेंट.

सगळ्यात आधी मधला उघडायचा. तो उघडा असेल तोवर दोन्ही भुजांवर जवळपास सारखाच दाब राहतो. मग दोन्ही आयसोलेटिंग व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचे. आता एका बाजूचा व्हेंट थोडा उघडून पाणी वाहू द्यायचं, बुडबुडे येणं थांबेपर्यंत. नळीला टिचक्या मारत राहायचं, भिंतीला चिकटलेले बारीक बुडबुडे तसेच निघतात. मग तो व्हेंट बंद करून दुसऱ्या बाजूला तेच. शेवटी मधला व्हॉल्व्ह हळू बंद करायचा आणि पारा कुठे जातो ते बघत राहायचं.

हा क्रम चुकला तर काय होतं? समजा पाइपात २ बार दाब आहे, मधला व्हॉल्व्ह बंद आहे आणि कोणी एका भुजेचा व्हेंट उघडला. त्या भुजेवरचा दाब कोसळतो, दुसरीवर २ बार तसाच. तो फरक तोलायला १.६ मीटरपेक्षा जास्त पारा लागेल. पट्टी १ मीटरची. पारा उसळून व्हेंटमधून बाहेर येतो, आणि काही सेकंदांत जमिनीवर विखुरतो.

[दृश्य: मधला व्हॉल्व्ह उघडा, दोन्ही पातळ्या समान. मग तो बंद. पातळ्या हळूहळू वेगळ्या होतात.]

मधला व्हॉल्व्ह उघडा ठेवून पातळ्या सारख्या दिसल्या की शून्य तपासलं, असं समजणारे पुष्कळ आहेत. यातून फक्त पट्टी सरळ आहे एवढंच कळतं. जोडनळीत अडकलेला बुडबुडा यात सापडतच नाही, कारण मधल्या व्हॉल्व्हनं दोन्ही भुजा तिथल्या तिथे जोडलेल्या असतात.

खरं शून्य वेगळं. प्रवाह पूर्ण थांबवायचा, मधला व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, आयसोलेटिंग व्हॉल्व्ह उघडे. दोन्ही छिद्रं एकाच स्थिर पाण्याशी जोडलेली असतील, तर पाऱ्याच्या दोन्ही पातळ्या समान यायला हव्यात, मग पाइप कितीही तिरपा असो. फरक आला तर हवा आहे, किंवा एका नळीत वेगळ्या तापमानाचं पाणी आहे, किंवा कुठेतरी गळती आहे. दोन पाइप मुळातच वेगळ्या यंत्रणांचे असतील तर ही सोय मिळत नाही. तिथे दोनदा हवा काढावी आणि दोन्ही वेळचं रीडिंग जुळतं का ते पाहावं.

गळतीची परीक्षा वायूच्या नळ्यांत सोपी असते. नळीत थोडा दाब द्यायचा, चिमटा लावायचा आणि मिनिटभर पातळी बघायची. ती घसरली तर जोड सैल आहे. गळणाऱ्या नळीतून वायू वाहत राहतो, वाहताना दाब खर्च होतो, आणि मॅनोमीटरपर्यंत खरा दाब पोहोचतच नाही.

[दृश्य: दोन नळ्या शेजारी. एकीत पाण्याची खोलगट कड, दुसरीत पाऱ्याची फुगीर कड.]

वाचताना पाण्याच्या खोलगट पृष्ठाचा तळ वाचायचा, पाऱ्याच्या फुगीर पृष्ठाचा माथा. डोळा त्याच पातळीवर. दोन्ही भुजा वाचायच्या. एकच भुजा वाचून दुप्पट करण्याची सवय फक्त दोन्ही नळ्या आतून अगदी सारख्या असल्या तरच चालते.

नळी अरुंद नको. ३ मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचनळीत पाणी केशाकर्षणानं सुमारे १० मिलिमीटर वर चढतं. दोन्ही भुजांत सारखंच चढलं तर फरकात ते येत नाही, पण एक भुजा तेलकट झाली की दोन्ही सारखं वागत नाहीत. ८ ते १० मिलिमीटर व्यास आणि स्वच्छ काच, एवढ्यात हा प्रश्न बराचसा मिटतो.

पातळी नाचत असेल तर वरची आणि खालची टोकं अनेकदा टिपून सरासरी काढायची. वर फक्त हवा असलेला १ मीटर लांबीचा द्रवस्तंभ एकदा हलला की १.४ सेकंदांच्या आवर्तनानं झुलतो, म्हणजे एका नजरेत खरी जागा सापडणं कठीण. जोडनळीतला बारीक व्हॉल्व्ह आवळून झुलणं कमी करता येतं. तो पूर्ण बंद झाला तर पातळी फार सुरेख स्थिर दिसते, आणि दाखवते ती मघाची गोष्ट.

पाऱ्याची घनता १३,६०० ही सोयीची संख्या आहे. ० अंश सेल्सिअसला ती १३,५९५ असते, २० अंशांना १३,५४६. खोलीच्या तापमानाला १३,६०० धरल्यानं साधारण ०.४ टक्के जास्त येतं. रोजच्या कामात चालतं, अचूक मोजणीत नाही.

[दृश्य: मॅनोमीटरखाली ठेवलेला उभ्या कडांचा ट्रे. त्यात पाऱ्याचे दोन थेंब.]

पाऱ्याची वाफ विषारी असते, त्यामुळे त्याच्याखाली नेहमी ट्रे हवा आणि खोली हवेशीर. पितळ, तांबं आणि ॲल्युमिनियम यांना पारा खातो, म्हणून त्याला लागणारे जोड पोलादाचे. सांडलाच तर व्हॅक्यूम क्लीनर अजिबात लावू नये, त्यानं वाफ खोलीभर पसरते. २०१३ मध्ये स्वीकारलेल्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये लागू झालेल्या मिनामाता करारानं पाऱ्याच्या मॅनोमीटरांचं उत्पादन, आयात आणि निर्यात २०२० नंतर थांबवायचं ठरवलं, काही अपवाद सोडून. त्यामुळे पाऱ्याची जागा आता कमी घनतेची रंगीत तेलं आणि इलेक्ट्रॉनिक दाबफरक ट्रान्समीटर घेत आहेत.

ट्रान्समीटरलाही छिद्र तेच, जोडनळ्या त्याच, पाच व्हॉल्व्ह तेच आणि बुडबुडेही तेच. फक्त पडद्यावर दोन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा येतो, आणि त्यामागे काय चाललंय ते दिसत नाही. काचेत निदान पाणी दिसायचं.

[दृश्य: जुन्या पद्धतीची पाऱ्याची नळी, मागे डोंगराचं रेखाटन.]

१९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांचे मेहुणे फ्लोरँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्वी द दोम डोंगरावर चढले. वर गेल्यावर पारा खाली उतरला. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांनी दुसरी एक नळी पायथ्याशी ठेवली होती आणि दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस बसवला होता. ती हलली नाही, म्हणून डोंगरावरचा फरक उंचीमुळे आहे, हवामान बदलल्यामुळे नाही, असं म्हणता आलं.

[दृश्य: प्रवाह थांबलेला. मॅनोमीटर, पट्टी, वही.]

काम संपलं की प्रवाह थांबवून खरं शून्य पुन्हा एकदा वाचायचं आणि वहीत लिहायचं. मगच मधला व्हॉल्व्ह उघडायचा, नंतर आयसोलेटिंग व्हॉल्व्ह बंद करायचे, आणि शेवटी व्हेंट. सुरुवातीचं शून्य ० आणि शेवटचं ४ मिलिमीटर आलं, तर मधल्या काळात कुठेतरी हवा शिरली आहे. १५० मिलिमीटरची रीडिंगं कदाचित चालून जातील. १० मिलिमीटरची सगळी रीडिंगं पुन्हा घ्यायची.